आपलं माणूस तुरुंगात असतं तेव्हा बाहेरच्यांनी काय करायचं

वकिलाला फोन लावला की समोरून पहिला प्रश्न येतो, “पीसीआर आहे की एमसीआर?” आणि घरचे तिथेच अडतात. रात्रभर कुणी झोपलेलं नसतं, शेजारी दारात उभे असतात, आणि ही अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा कानावर पडत असतात.

मी वकील नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. अर्ज कुठे द्यायचा, वकील कुठे भेटतो हे ज्यांना ठाऊक नसतं त्यांना त्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. पण या कामात मी असे लोक पाहिले आहेत, जे कायद्याने कधीच सुटायला हवे होते आणि त्यांच्या कागदामागे बाहेर कुणी फिरलं नाही म्हणून महिनोन्महिने आत राहिले. आतल्या माणसाच्या हातात फोन नसतो, फाइल नसते, कोर्टाच्या कारकुनाला जाऊन विचारायची सोय नसते. हे सगळं बाहेरच्यांनाच करावं लागतं. ते कसं करायचं, ते महाराष्ट्रातल्या तुरुंगांपुरतं इथे लिहिते आहे.

आधी ते शब्द. पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी. माणूस पोलिसांच्या ताब्यात, लॉकअपमध्ये, चौकशी चालू. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. तुरुंगात गेल्यावर केस चालू असेपर्यंत तो ‘न्यायबंदी’, ज्याला आपण कच्चा कैदी म्हणतो. शिक्षा झाली की ‘सिद्धदोष बंदी’, म्हणजे पक्का. हा फरक नावापुरता नाही, कारण दोघांचे हक्क आणि सुटकेचे रस्ते वेगळे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी सांगते की देशातल्या तुरुंगांत शंभरातले पंचाहत्तरहून जास्त लोक कच्चे कैदी होते. म्हणून या लेखाचा मोठा भाग कच्च्या कैद्यांच्या घरच्यांसाठीच आहे.

पहिले दोन दिवस

अटक झाली की चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. अटकेची खबर घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. अटक का केली हे आरोपीला लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत द्यायला हवं, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्याप्रमाणे प्रत्येक पोलिस ठाण्यात अटकेची माहिती ठेवणारा एक अधिकारी नेमलेला असायला हवा. “माझ्या भावाला कुठे नेलंय?” या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून मागायचं, आणि ते मागताना कचरायचं कारण नाही.

ठाण्यात गेलात तर एवढ्या गोष्टी विचारा आणि तिथेच लिहून घ्या: गु.र.नं. म्हणजे गुन्ह्याचा रजिस्टर नंबर, कलमं कोणती लावली, अटकेची तारीख आणि वेळ, तपास अधिकाऱ्याचं नाव, कुठल्या कोर्टात आणि किती वाजता हजर करणार. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो. तो काढून घ्या.

मॅजिस्ट्रेटसमोर नेतील तेव्हा घरातलं कुणीतरी कोर्टात हवंच. तिथे तो तुम्हाला दिसतो आणि तुम्ही त्याला दिसता. मारहाण झाली असेल तर ते सांगायची जागाही हीच. मॅजिस्ट्रेटने “काही तक्रार आहे का?” असं विचारलं की भीतीने “नाही” म्हणणारे खूप असतात. पोलिस कोठडी मिळाली तर चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क त्याला आहे, पूर्ण वेळ नसला तरी. नव्या कायद्यातली एक गोष्ट घरच्यांना फार गोंधळात टाकते. पोलिस कोठडीचे एकूण पंधरा दिवस आता एका दमात घ्यावे लागत नाहीत. गुन्ह्याच्या प्रकारानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ते तुकड्यातुकड्याने घेता येतात. त्यामुळे एकदा तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात गेला तर लगेच नवी केस लागली असं समजू नका. आधी वकिलाला विचारा.

वकील परवडत नसेल तर

हे वाक्य मी रोज म्हणते, इथेही म्हणते: कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्यातलं कलम १२. कोठडीतल्या माणसासाठी त्यात उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला चार चकरा मारलेले लोक माझ्याकडे आले आहेत, आणि दाखला लागतच नव्हता. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या इमारतीत प्राधिकरणाचं ऑफिस असतं. साधा अर्ज पुरतो. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा देशभरचा नंबर आहे. तुरुंगातही विधी सेवा क्लिनिक असतं, आतला माणूस तिथून स्वतः अर्ज देऊ शकतो.

“फुकटचा वकील काय लक्ष देणार?” हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. काही वकील खरंच लक्ष देत नाहीत, ते मी लपवणार नाही. पण बऱ्याच जिल्ह्यांत आता फक्त हेच काम करणारे पूर्णवेळ बचाव वकील नेमलेले आहेत आणि त्यांच्यात मनापासून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. वकील तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा, वकील बदलून मिळतो. पैसे मागितले तरी लेखी कळवा. या वकिलाला तुम्ही एक रुपयासुद्धा देणं लागत नाही.

वकील खासगी असो की सरकारी, वकीलपत्रावर आतल्या माणसाची सही लागते आणि तुरुंगात ती अधिकाऱ्यासमोर घ्यावी लागते. यात कधी कधी आठवडा जातो. म्हणून शक्य झालं तर पहिल्याच हजेरीला कोर्टात सही घेऊन टाका.

एक वही

दोनशे पानी वही घ्या. वर सांगितलेली सगळी माहिती पहिल्या पानावर. त्याखाली तुरुंगाचं नाव आणि बंदी क्रमांक. केस कोर्टात नोंदली गेली की तिला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो, तोही तिथेच. हा नंबर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख काय, मागच्या तारखेला काय झालं, कुठल्या जज्जांसमोर केस आहे हे सगळं मोबाइलवर दिसतं. “वकीलसाहेब फोन उचलत नाहीत” ही अर्धी काळजी तिथेच मिटते.

वहीत दर तारखेला दोन ओळी: आज काय झालं, पुढची तारीख कधी. माणसाला कोर्टात आणलं की नाही, हेही. बंदोबस्ताला पोलिस कमी पडले की कैद्याला आणत नाहीत, किंवा व्हीसीवर म्हणजे पडद्यावर हजर करतात. साक्षीदार आलेला असताना आरोपीच आणला नाही म्हणून तारखा पडत असतील तर ते वकिलाला कोर्टापुढे मांडता येतं, आणि त्या वेळी तुमच्या वहीतल्या तारखा कामाला येतात.

कागदाची प्रत्येक प्रत दोनदा काढा. मूळ कागद वकिलाकडे द्यायचा तर झेरॉक्स घरी ठेवा.

साठ, नव्वद आणि एक तृतीयांश

हे तीन आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत असं मला वाटतं.

पोलिसांना तपास संपवून दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, ठराविक मुदतीत कोर्टात द्यावं लागतं. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्वद दिवस, बाकी गुन्ह्यांत साठ. मुदत टळली आणि चार्जशीट आलं नाही, तर जामीन मिळणं हा आरोपीचा हक्क होतो. याला डिफॉल्ट बेल म्हणतात. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती, हे तिथे पाहिलं जात नाही. पण हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. अर्ज करावा लागतो आणि तो चार्जशीट येण्याच्या आत करावा लागतो. सकाळी अर्ज द्यायचा राहिला आणि दुपारी चार्जशीट आलं, तर संधी गेली.

मोजायचं पहिल्या रिमांडच्या, म्हणजे मॅजिस्ट्रेटने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. समजा, ३ जूनला पहिला रिमांड झाला, तर साठावा दिवस १ ऑगस्टला येतो आणि नव्वदावा ३१ ऑगस्टला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करा आणि आठवडाभर आधी वकिलाला आठवण द्या. मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) आणि यूएपीए (दहशतवादाविरुद्धचा केंद्राचा कायदा) यांच्याखाली ही मुदत कोर्टाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढते, आणि व्यावसायिक प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या केसमध्ये मुदतच १८० दिवसांची आहे.

एक तृतीयांशाचा नियम नव्या संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. ज्याला आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, त्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून आत काढला, तर त्याला जामिनावर सोडायला हवं. बाकीच्यांसाठी निम्मा काळ. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्या पोरासाठी एक वर्ष, आधी शिक्षा झालेल्यासाठी दीड. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हा नियम लागू नाही, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तरी याचा फायदा मिळत नाही. मुदत भरली की कोर्टाला लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या केसमध्ये अडकलेल्यांनाही हा नियम लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. तरी अधीक्षकांच्या भरवशावर बसू नका. एका तुरुंगात हजारांवर माणसं असतात. तुम्हाला एकाचाच हिशेब ठेवायचा आहे.

जामीन झाला, पण माणूस घरी आला नाही

गेल्या पावसाळ्यात एक काका आले होते. खताच्या पिशवीत कागद गुंडाळून आणलेले, वरून प्लॅस्टिक. म्हणाले, “ताई, पोराचा जामीन होईना.” मी पिशवी उघडली. वरचाच कागद जामिनाचा हुकूम होता, पाच महिन्यांपूर्वीचा. ‘रुपये २५,००० चा वैयक्तिक जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.’

“काका, जामीन तर झालाय.”

“व्हय, पर पंचवीस हजार भरायचेत ना. दोन बकऱ्या इकल्या. अजून नऊ हजार कमी पडत्यात.”

पाच महिने ते पैसे जमवत होते, आणि ते पैसे भरायचेच नव्हते.

म्हणून सावकाश सांगते. जातमुचलका हे वचन आहे. “मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम भरीन,” असं आरोपी लिहून देतो. जामीनदारही तसंच लिहून देतो की हा पळाला तर एवढी रक्कम माझ्याकडून वसूल करा. आज कुणी कुणाला पंचवीस हजार द्यायचे नसतात. जामीनदाराची तेवढी ऐपत आहे एवढं कोर्टाला दाखवायचं असतं. त्यासाठी सातबारा, घराची पावती, पगाराची स्लिप असे कागद लागतात, काही कोर्टं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. सोबत जामीनदाराचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि फोटो. काकांच्या चुलतभावाच्या नावावर दीड एकर कोरडवाहू जमीन होती, ती पुरली. रोख रक्कम भरायची ती फक्त हुकुमात तसं लिहिलेलं असेल तर. ती पावतीवर कोर्टात जमा होते आणि माणूस अटी पाळून वागला तर केस संपल्यावर परत मिळते.

जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनावर सोडा आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत द्या, असा अर्जही करता येतो. आपल्याकडची कोर्टं तो बरेचदा मान्य करतात.

जामीनदार अजिबातच मिळत नसेल तर? परराज्यातून कामाला आलेल्या मुलांचं नेमकं हेच होतं, ओळखीचं कुणी नसतं. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने यावर सविस्तर सूचना दिल्या आहेत, त्या वकिलाला दाखवा. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पोचला पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जातमुचलका-जामीनदार झालं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. जामीनदार स्थानिकच हवा हा आग्रह धरू नये, असंही त्यात आहे. शिवाय गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्र सरकारची मदत योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंतची तरतूद होती. काही गंभीर कायद्यांखालच्या केस तिच्यात बसत नाहीत, बाकीच्यांनी तुरुंग अधीक्षक किंवा प्राधिकरणाकडे विचारावं.

एक कळकळीची विनंती. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार उभे करून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. कागद खोटे निघाले की जामीन जातो, वर फसवणुकीची नवी केस बसते. असं घडलेलं मी पाहिलं आहे.

भेट

भेटीला तुरुंगात मुलाकात म्हणतात. ती ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर आधी नोंदवता येते, आणि लांब राहणाऱ्यांना व्हिडिओवरही बोलता येतं. किती दिवसांनी, किती मिनिटं, एका वेळी किती जण, हे त्या त्या तुरुंगाच्या गेटवरच्या फलकावर लिहिलेलं असतं. पहिल्यांदा जाताना तो वाचून घ्या. मूळ ओळखपत्र हवंच. आत जाताना मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून बंदी क्रमांक वहीतून एका चिठ्ठीवर उतरवून घ्या.

बऱ्याच तुरुंगांत मध्ये काच असते आणि बोलायचं ते इंटरकॉमच्या रिसीव्हरवर. आजूबाजूला दहा जण एकाच वेळी बोलत असतात. पहिल्या भेटीत बायका बहुतेक रडतात आणि वेळ संपते. रडा, त्यात काही चूक नाही. पण दोन कामाच्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या, आणि त्या आधी विचारून घ्या. अंगाला काही लागलंय का? औषधं मिळतात का? वकील येऊन भेटला का? आतून काही कागदावर सही मागितली का?

केसबद्दल मात्र तिथे बोलू नका. कोण साक्षीदार, काय घडलं, काय सांगायचं, यातलं काहीही नाही. तिथलं बोलणं खासगी नसतं, पत्रंही तपासली जातात. तुरुंगातून घरी फोन करायची सोय असते, त्यासाठी नंबर आधी नोंदवून द्यावे लागतात. त्या फोनवरही केसचा विषय नको. ते बोलणं वकिलाजवळ.

कपडे, अंथरूण, अन्न बाहेरून मिळण्याची मुभा कच्च्या कैद्याला कायद्याने दिलेली आहे, पण तपासणी आणि तुरुंगाच्या नियमांच्या चौकटीत. घरचा डबा रोज हवा असेल तर कोर्टाकडून हुकूम घ्यावा लागतो आणि तो सहसा आजारपणाच्या कारणावर मिळतो. नाडीचे लेंगे, बेल्ट, जाड शिवणीचे जॅकेट नेलेत तर गेटवरून परत येण्याची शक्यता जास्त. एका आजींनी नातवासाठी रात्रभर जागून बेसनाचे लाडू केले होते. ते आत गेले नाहीत. त्या गेटसमोरच्या झाडाखाली बसून राहिल्या आणि शेवटी रांगेतल्या लहान मुलांना वाटून टाकले. म्हणून आधी विचारून मगच न्या. खर्चाला पैसे मनीऑर्डरने पाठवता येतात. ते त्याच्या नावच्या खात्यात जमा होतात आणि त्यातून तो तुरुंगाच्या कॅन्टीनमधून साबण, टूथपेस्ट, खायचं घेतो. पावती वहीत चिकटवा.

“तुमच्या माणसाला आत त्रास होतोय, इतके पैसे पाठवा, सोय करतो,” असे फोन येतात. पैसे पाठवू नका. नंबर आणि वेळ लिहून ठेवा, वकिलाला सांगा आणि अधीक्षकांना लेखी द्या.

तब्येत

बीपी, साखर, फिट्स, टीबी, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स पहिल्याच दिवशी कोर्टात द्या. रिमांडच्या वेळीच वकिलाने तसं सांगितलं तर हुकुमात ‘वैद्यकीय उपचार द्यावेत’ अशी ओळ येते. ती ओळ पुढे फार उपयोगी पडते. तुरुंगात दवाखाना असतो, मोठ्या आजाराला बाहेरच्या सरकारी इस्पितळात नेतात. नेत नसतील तर आधी अधीक्षकांना अर्ज, पोच घेऊन. चार दिवसांत हललं नाही तर कोर्टात अर्ज. तोंडी सांगितलेलं कुणालाही आठवत नाही, म्हणून अर्ज साध्या मराठीत, एका पानात लिहा: आजार काय, औषध कोणतं, कधीपासून मिळालेलं नाही.

आणि भेटीत तो एकदम गप्प असेल, डोळ्यांत बघत नसेल, “माझी वाट पाहू नका” असं काही बोलला, तर त्याच दिवशी गेटवरच्या अधिकाऱ्याला सांगा आणि वकिलाला फोन करा. लाजू नका, उद्यावर टाकू नका.

घर

सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. पण निलंबन म्हणजे नोकरी गेली असं नाही. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, त्यासाठी ऑफिसला अर्ज करा. बँकेचं खातं त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर कुलमुखत्यारपत्र करता येतं. त्याची सही तुरुंगात कोर्टाच्या किंवा अधीक्षकांच्या परवानगीने होते. कर्जाचा हप्ता थकणार असं दिसलं की थकण्याआधीच बँकेत जाऊन बोला.

मुलांना काय सांगायचं, यावर घरोघरी भांडणं होतात. “बाबा गावाला गेलेत” हे चार दिवस टिकतं. मग शाळेत कुणीतरी सांगतं, आणि मूल घरच्यांवर विश्वास ठेवायचं थांबतं. माझं मत असं की वयाला झेपेल एवढं खरं सांगावं: “बाबांवर एक आरोप आहे, कोर्ट ठरवतंय, तोवर त्यांना तिथे राहावं लागणार, आणि यात तुझी काही चूक नाही.” शेवटचं वाक्य आवर्जून सांगा. लहान मुलं खरोखर स्वतःला दोष देतात. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचा ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी काच नसते, मुलांना बापाच्या मांडीवर बसता येतं. तुमच्या तुरुंगात तो कधी आहे ते विचारून ठेवा. आई आत असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. तुरुंगातल्या मुलांबद्दल सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सविस्तर नियम घालून दिले आहेत. घरी खायचे वांधे असतील तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन मुलांना बालसंगोपन योजनेत बसवता येतं का ते विचारा. मुंबईत १९९० पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प कैदी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतो, तिथले समाजसेवक ऐकून घेतात.

घरात मृत्यू झाला, तर कच्च्या कैद्यासाठी केस ज्या कोर्टात आहे तिथे तातडीने अर्ज करायचा, तात्पुरत्या जामिनासाठी किंवा पोलिस बंदोबस्तात नेण्यासाठी. डॉक्टरांचा किंवा ग्रामपंचायतीचा कागद सोबत जोडा. बंदोबस्ताचा खर्च परवडणार नसेल तर तेही अर्जातच लिहा.

शिक्षा झाली तर

निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते. ती त्याच दिवशी मागा. हायकोर्टात अपिलाला साठ दिवस, सेशन्स कोर्टात तीस. पैसे नसतील तर तुरुंगातूनच अपील पाठवता येतं आणि वकील प्राधिकरण देतं. अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन द्या, असा अर्जही करतात. निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्याला सेट-ऑफ म्हणतात. तो हिशेब तुमच्या वहीशी ताडून पाहा.

पक्क्या कैद्याला दोन प्रकारच्या रजा असतात. फर्लो म्हणजे संचित रजा. ती चांगल्या वागणुकीवर ठराविक काळाने मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ती घरच्या अडचणीसाठी असते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्हींत घरी पोलिस चौकशीला येतात. त्या वेळी घराला कुलूप असेल किंवा “आम्हाला माहीत नाही” असं उत्तर मिळालं, तर अहवाल वाईट जातो. रजेवरून उशिरा परतणं फार महागात पडतं, पुढच्या रजा अडतात आणि गुन्हाही लागतो. परतीच्या दिवशी त्याला गेटपर्यंत सोडायला घरातलं कुणीतरी जा. आत काम केल्याचं वेतन त्याच्या खात्यात जमतं. मे २०२२ पासून येरवड्यात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाने कैद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली. ते या वेतनातून फिटतं आणि पैसे घरच्यांच्या उपयोगी पडतात.

सुटायचा दिवस

जामिनाचे कागद कोर्टात पूर्ण झाले म्हणजे माणूस लगेच बाहेर येतो असं नाही. सुटकेचा हुकूम तुरुंगात पोचावा लागतो. आर्थर रोडसारख्या ठिकाणी गेटबाहेर जामिनाच्या कागदांची पेटी असते, ती ठरावीक वेळी उघडतात, आणि वेळ चुकली की एक रात्र वाढते. दुसऱ्या एखाद्या केसमध्ये वॉरंट असेल तर एका जामिनावर सोडत नाहीत. हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर घरचे हार घेऊन गेटवर उभे आणि माणूस आतच, असं होतं. अटकेच्या वेळी काढून घेतलेलं पाकीट, घड्याळ, फोन यांची पावती त्याच्याजवळ असते. तुरुंगात जमा असलेलं सामान तिथेच मिळतं, पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंसाठी कोर्टात अर्ज करावा लागतो.

जाताना चप्पल न्या. पुष्कळ जण अनवाणी बाहेर येतात. जामिनाच्या अटी त्याच संध्याकाळी त्याला वाचून दाखवा: कुठल्या ठाण्यात, कुठल्या वारी, किती वाजता हजेरी लावायची, कुठल्या गावात जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. खताच्या पिशवीवाल्या काकांचा पोरगा दर सोमवारी सकाळी दहा ते बारा हजेरीला जातो. काका अजूनही सोबत जातात आणि बाहेरच्या बाकावर बसतात.